दुभाष्याची निवड

हेडफोनसाठी डॅक घ्यावा, अ‍ॅम्प घ्यावा की दोन्ही, हा प्रश्न घेऊन आज थोडा वेळ बसू या. किमतींची तुलना राहू द्या. पाठ सैल सोडा. श्वास आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या.

नगरहून दौंड रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगावजवळ मेहेराबाद येतं. मनाने तिथे जा. 10 जुलै 1925 रोजी आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी तिथे मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळलं. संवाद मात्र थांबला नाही. कित्येक वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत. 1954मध्ये पाटीही सुटली आणि हातांच्या खुणा उरल्या. एरच जेसावाला त्या खुणा वाचून समोरच्या माणसाला शब्दांत सांगत.

या दुभाष्यापाशी जरा थांबा. एकही खूण निसटू द्यायची नाही आणि पदरचं काही घालायचं नाही, असं त्याचं काम.

डॅकचं काम हेच आहे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, 44,100 आकडे असतात. प्रत्येक आकडा 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर उभा असतो. आकड्यांना आवाज नसतो. डॅक त्यांतून विजेच्या दाबाचा चढउतार घडवतो. अ‍ॅम्प त्या चढउताराला हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ देतो. दोघांनीही स्वतः गप्प राहायचं असतं.

आता हेडफोन घाला. गाणं सुरू करून लगेच थांबवा. आवाज नेहमीच्या पातळीवर असू द्या.

आधी बाहेरचं ऐका. पंखा, शेजारच्या घरातली भांडी, रस्त्यावरून गेलेली एसटी. ओळखा आणि सोडून द्या.

मग आतलं ऐका. बारीक खरखर आहे का? खालच्या पट्टीत गुणगुण आहे का? लॅपटॉप असेल तर चार्जर काढा आणि पुन्हा ऐका. गुणगुण थांबली, तर ती बहुधा विजेच्या वाटेने येत होती. खरेदीआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. चार्जर काढल्यावरही माउस हलवताच किरकिर होत असेल, तर तो यंत्राच्या पोटातला गोंगाट आहे. तिथे बाहेरचा डॅक खरोखर कामाला येतो. काहीच ऐकू आलं नाही, तर तेही उत्तर माना. तुमच्याकडचा दुभाष्या आपलं काम नीट करतो आहे.

आता बळाकडे लक्ष द्या. हेडफोनच्या माहितीपत्रकात ओहमचा आकडा शोधा. 32 ओहमचे बरेच हेडफोन साध्या फोनवरही भरपूर वाजतात. सेनहायझर एचडी 600 हा 300 ओहमचा आहे. अशांना जास्त व्होल्ट लागतात. अ‍ॅम्पच्या आउटपुटचा ओहमचा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या आठव्या भागाहून कमी असावा, एवढा नियम लक्षात ठेवा. तुमचं नेहमीचं गाणं आवाज निम्म्यावर असतानाच पुरेसं ऐकू येत असेल, तर जादा बळ कशाला हवं? कानांनाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलच्या आवाजासाठी आठवड्याला 40 तासांची मर्यादा सांगते.

आता तंबोरा ऐका. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा, किंवा तुमच्या पाठातलं कुठलंही गाणं. गायन सुरू होण्याआधीच्या क्षणांत राहा. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा आठवा, जवारी खुलवणारा. खर्जाची तार छेडली जाते, तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि पुढची तार त्यांना आपल्यात घेते. खर्ज कुठवर ऐकू येतो? घाई न करता त्याच्या मागे जा.

मग अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी ऐका, जेमतेम तीन मिनिटांची. तिची खरखर ध्वनिमुद्रणातच आहे. ती लपवणारं यंत्र स्वरातलंही काही लपवील. खरखरीसकट खाँसाहेब येऊ द्या.

दुकानात किंवा मित्राकडे दोन यंत्रं ताडून पाहाल, तेव्हा एवढं सांभाळा: जे किंचित मोठं वाजतं, तेच कानाला सरस वाटतं. 100 हर्ट्झचा सूर वाजवून, हेडफोन जोडलेला ठेवून, मल्टिमीटरने दोन्हींचे एसी व्होल्ट मोजा आणि एका टक्क्याच्या आत आणा. मग तुम्हाला न सांगता तारा बदलायला कुणाला तरी लावा. डोळे मिटून ऐका. यंत्राचं नाव आणि किंमत माहीत नसताना जो फरक पुन्हा पुन्हा ओळखता येतो, तोच तुमचा.

शेवटी मनालाच विचारा: मला गाणं अधिक हवं आहे की वस्तू? उत्तर कुठलंही येवो, त्याला नावं ठेवू नका. खरखर यंत्राची निघाली तर डॅक घ्या. बळ कमी पडलं तर अ‍ॅम्प घ्या. दोन्ही नसेल तर पैसे राखून ठेवा, कारण आवाजात सर्वांत मोठा फरक खुद्द हेडफोनच पाडतो. पुढे कधी बदलायचं झालंच, तर आधी तो बदला.