बिदागी की ऋण?

उत्सवात मंडपवाल्याला आपण ठरलेले पैसे देतो आणि मृदंगवाल्याला शाल-नारळ. याला औदार्य म्हणावं का?

बारामतीच्या बाबूजी नाईकांनी मोरोपंतांना (१७२९–१७९४) आश्रय दिला. घरची चिंता मिटली, म्हणून पंत लिहिते राहिले. त्यांच्या आर्या कीर्तनांतून गावोगाव पोचल्या. आजही तुकोबारायांची पालखी बारामतीला, इंदापूरला मुक्कामी येते, तेव्हा टाळकरी-मृदंगी उपाशी झोपत नाहीत.

मला वाटतं, आपले दत्तमहाराज स्वतःच भिक्षेला दारी येतात. मग देणारा मोठा कसा? गाणाराही दारी नाम घेऊनच येतो. त्याला द्यायचं ते दान नव्हे, ऋण आहे. अन् ऋण वेळेवर, पुरतं फेडायचं असतं. नुसती शाल पांघरून ते फिटत नाही.