मातीला पाणी पाजून विचारा

मुळशीतल्या भातखाचरात आषाढात पाय टाकला, तर तो पोटरीपर्यंत रुततो. त्याच खाचराला चैत्रात भेगा पडतात आणि पहार मारली तरी ढेकूळ फुटत नाही. माती तीच. मग तिची ताकद कोणती धरायची?

चिकणमातीची ताकद विचारण्याआधी तिच्यात पाणी किती, हे विचारावं लागतं. वाळूचे कण एकमेकांवर घासून उभे राहतात. चिकणमातीचे कण त्याहून कितीतरी बारीक. पाणी थोडं असेल तर त्यांची पकड घट्ट, वाढलं की कण दूर सरतात आणि पकड सुटते. आंबेमोहोर लावणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. चिखलणी करताना तो ही पकड मुद्दाम मोडतो, कारण रोपाला मऊ माती हवी. घराला मात्र नेमकी तीच चालत नाही.

आज पौड, पिरंगुटकडे शेतजमिनींवर प्लॉट पडतात. घेणारा उन्हाळ्यात येतो, टाच आपटतो, म्हणतो, जमीन टणक आहे. तो टणकपणा पहिल्या पावसापर्यंतचा.

म्हणून माती भिजवून तपासावी. ओल्या मातीत अंगठा सहज शिरला तर ती मऊ, जोर लावून शिरला तर मध्यम, नुसता ठसा उमटला तर घट्ट. प्रयोगशाळेत ३८ मिलिमीटर व्यासाचा, ७६ मिलिमीटर उंचीचा मातीचा दंडगोल वरून दाबतात. मऊ माती चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो भार यायच्या आतच मोडते. घट्ट माती एक ते दोन किलो सोसते.

दुसरी तपासणी फुगण्याची. काचेच्या दोन नळ्यांत चाळलेली कोरडी माती, प्रत्येकी १० ग्रॅम. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. २४ तासांनी पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दीडपट वा जास्त भरली, तर सावध व्हावं. अशी माती पावसाळ्यात जोतं उचलते, उन्हाळ्यात आकसून खाली सोडते आणि भिंतीला तिरपी चीर जाते.

माती कच्ची निघाली, तर पाया खालच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्या. खर्च वाढेल, पण खणण्याआधी कळलेला खर्च पेलता येतो. मातीचा अहवाल हाती आला, की आधी एवढंच पाहा: नमुना कोरडा तपासला की भिजवून? कोरडा असेल, तर तपासणी पुन्हा करून घ्या.