थांबणाऱ्यांची वाट

गिर्यारोहण करणारे एक स्नेही मागच्या फाल्गुनात आमच्याकडे चितेगावला आले होते. नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणकडे निघाल्या होत्या. गावातली माणसं पाण्याचे जार आणि चहाची पातेली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ते पाहून स्नेही म्हणाले, "याला काय चालणं म्हणायचं? सामान ट्रॅक्टरमध्ये, जेवण गावकऱ्यांचं आणि वाट म्हणजे ट्रकांचा हमरस्ता." लांब पल्ल्याची खरी वाट वस्तीपासून दूर असते आणि तिथे माणूस आपला संसार पाठीवर घेऊन चालतो, असं त्यांचं मत. ते बोलणं मला अजून टोचतं.

टाळ, पताका, डोक्यावरची तुळस हे मराठी वाचकाला सांगायला नको. मला बोलायचं आहे ते दिवसाबद्दल. लांबच्या वाटेवर माप दिवसाचं असतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याचं सांगितलं आहे. मोटारींनी हे माप बदललं. आमच्या गावातल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्याचा पत्ताच '१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड' असा होता. गाडीतल्या माणसाला हा चौदावा दगड दिसतसुद्धा नाही. दिंडीतल्या म्हातारीची मात्र तिथे सकाळची चाल संपते. ऊन चढलेलं असतं आणि विसाव्याशिवाय पाऊल उचलत नाही.

काही वाटांवर दिवस संपतो तो चालणाऱ्याची ताकद संपते म्हणून. काही वाटांवर तो संपतो, कारण पुढच्या गावात कुणीतरी आपली वाट पाहत असतं. हा भेद मी पुन्हा पुन्हा मनात घोळवत असते. पहिल्या वाटेवर ओझ्याचा हिशोब करावा लागतो, दुसरीवर माणसांचा. आणि ही दुसरी वाट चालणाऱ्यांच्या पायांनी जितकी पडते, तितकीच ती जागेवर राहिलेल्यांनी राखलेली असते. पंगतीचं पीठ आधीच दळून ठेवणारी बाई आणि मंडपाला रान मोकळं करून देणारा शेतकरी पैठणला जातातच असं नाही, पण त्यांच्यावाचून मुक्काम होत नाही. एकनाथ लहानपणी पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, तेव्हा मधलं शहर वसलेलंच नव्हतं. मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली १६१० साली, नाथांनी देह ठेवल्यानंतर. एकटं पोर त्या रानातून गेलं, ते मधल्या गावांच्या भाकरीवरच गेलं असणार, असं मला वाटतं.

स्नेह्यांचा आदर्श म्हणजे अमेरिकेतली अपालाचियन वाट. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, डोंगरमाथ्यांवरून जाणारी. ती १९३७ साली पूर्ण झाली, पण तिची कल्पना बेंटन मॅके या वनतज्ज्ञाने १९२१ साली एका लेखात मांडली होती. त्या लेखात नुसती पायवाट नाही. कारखान्यांत आणि शहरांत पिचलेल्या माणसांसाठी डोंगरात सामूहिक छावण्या असाव्यात, त्यांच्याजवळ धान्य पिकवणाऱ्या शेतीच्या छावण्या असाव्यात, लोकांनी तिथे राहावं, राबावं आणि पायवाटेने ही ठिकाणं एकमेकांना जोडावीत, अशी ती योजना होती. पुढे वाट झाली, निवारे झाले, वाटेची निगा राखणारे हजारो स्वयंसेवक मिळाले. शेतं आणि वस्त्या मात्र कागदावरच राहिल्या. ज्या वाटेचा दाखला देऊन आमच्या दिंडीला हिणवलं जातं, तिची कल्पना मांडणाऱ्यालाही चालणाऱ्याइतकीच तिथे राहणाऱ्याची काळजी होती.

ट्रॅक्टरचा आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. सत्तरीची बाई गाठोडं ट्रॅक्टरमध्ये ठेवते म्हणूनच ती पैठणला पोचते.

राहिला हमरस्ता. माणसं जिथे आहेत तिथूनच दिंडी जाणार, तिला वेगळी वाट कशाला, असं मी म्हणत आले. पण या रस्त्यावर आता थांबतं कोण? रस्ता चौपदरी झाला की मध्ये दुभाजक येतो आणि पलीकडच्या घरातली बाई पातेलं घेऊन अलीकडे येऊ शकत नाही. कारखान्यांची वाहनं पहाटेच्या अंधारात दिंडीच्या शेपटाला घासून जातात. नाथसागराचं पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे शहराला जातं, तेही याच रस्त्याच्या कडेने. नवी जलवाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. तिच्या शेजारून चालणारा मात्र जारच्या पाण्यावर अवलंबून. हा रस्ता गावातून जातो, पण गावाचा राहिलेला नाही. माझी वाट थांबणाऱ्यांवर उभी असेल, तर हमरस्त्याची बाजू मला घेता येत नाही. स्नेह्यांची वेगळ्या वाटेची मागणी मला मान्य करावी लागते. फक्त त्यांना ती वस्ती टाळण्यासाठी हवी आहे आणि मला वस्तीत शिरण्यासाठी.

आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ आणि ९६५-जीच्या कामांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्यांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टे धरले आहेत. जीव वाचवायला ते हवेतच. पण चालणारा तिथेही महामार्गाच्याच कडेला राहतो. पैठणच्या वाटेसाठी मला गावोगावच्या जुन्या गाडीवाटा आणि पाणंद रस्ते हवे आहेत, शिवारातून थेट पारापाशी नेणारे. शेताच्या बांधावरून वाट देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदारांना आहे. तो शेतकऱ्यांपुरता असला, तरी मिटलेल्या गाडीवाटा गावनकाशावरून शोधायला सुरुवात तिथूनच करता येईल. नाथषष्ठी फाल्गुनात येते. तेव्हा काळ्या रानातली वाट कोरडी असते, गहू-हरभरा निघत असतो, शेतात माणसं असतात. चितेगाव ते बिडकीन हा पहिला टप्पा धरावा. दोन्ही बाजूंनी कडुनिंब लावावेत, मध्ये एक हापसा असावा आणि बायकांसाठी पाणी असलेली, दार लागणारी स्वच्छतागृहं आधी बांधावीत.