शब्दाला जडलेला रोग

आषाढीच्या आदल्या रात्री माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आमचे भजन चालले होते. एक नवा पोरगा टाळ धरायला बसला होता. त्याचा ठेका सारखा चुकू लागला, तसा मी चिडून म्हणालो, "मतिमंद आहेस काय रे?" पोरगा हसला, मंडळीही हसली. मागे भिंतीला टेकून एक मावशी बसल्या होत्या, शेजारी त्यांचा वीस वर्षांचा मुलगा. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर हाच शब्द लिहिलेला आहे. सगळे हसले म्हणून तोही टाळ्या पिटू लागला. आरती झाल्यावर मावशी माझ्या पाया पडल्या आणि मुलाचा हात धरून गेल्या. पाया पडणे हा आपला रिवाजच. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी पायी वडाळ्याच्या विठ्ठलाला निघालो. त्याच बाजूला ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली बेघर महारोग्यांसाठी हे आश्रयस्थान निघाले, तेव्हा ते माटुंग्याचे म्हणूनच ओळखले जाई. ॲक्वर्थसाहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. (याच साहेबांनी शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?)

आता 'महारोगी' हा शब्द पाहा. तो वैद्यांचा शब्द. वाग्भटाने आठ महारोग सांगितले: वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि संग्रहणी. म्हणजे शास्त्राप्रमाणे साखरेचा रोगी आणि मूळव्याधीचा रोगीही महारोगीच! पण भांडणात कोणी कोणाला "अरे मधुमेह्या" म्हटलेले ऐकले आहे काय? आठांतून एकट्या कुष्ठ्याच्या वाट्याला तो शब्द राहिला आणि त्याची शिवी झाली. साखरेचा रोगी आपल्या पंक्तीला बसतो, फार तर बुंदी नको म्हणतो. कुष्ठ्याला आपण पंक्तीतून उठवले, गावाबाहेर घातले. जो समोर नाही, त्याचे नाव वाटेल तसे वापरायला आपण मोकळे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र औषधांचा उपचार सांगितला आणि रोग बरा होऊ लागला. शब्द मात्र बरा झाला नाही.

उलट वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली काढलेल्या संस्थेचे नाव 'महारोगी सेवा समिती'. तिथे तो शब्द कोणाला बोचत नाही, कारण तिथे त्या शब्दापुढे माणूस उभा आहे.

'मतिमंद'चेही तेच. 'खुळा', 'अर्धवट' म्हणू नये म्हणून तो सभ्य शब्द आला. 'मेंटल' हा तर इस्पितळाच्या पाटीवरचा शब्द. आज लोकलच्या डब्यात पाय पडला तरी ऐकू येतो. इंग्लंडात १९१३ च्या कायद्यात 'इडियट' ही मनोदौर्बल्याची एक पायरी होती. २०१५ साली 'दिव्यांग' शब्द पुढे आला. चांगला आहे, सरकारी खिडकीवर आईला मान खाली घालावी लागत नाही. तेवढ्यासाठी तरी नवी नावे हवीतच. पण आमच्या गल्लीतली पोरे झेल सुटला की हाच शब्द ओरडू लागली आहेत.

आपल्या कीर्तनातही हे घडते, म्हणून लिहितो. नाथांनी आंधळा, पांगळा, बहिरा यांची भारुडे रचली, पण त्यांतला आंधळा, पांगळा 'मी' म्हणून बोलतो; नाथ ते व्यंग स्वतःकडे घेतात. आमचे काही बुवा मात्र लंगडून दाखवतात आणि हशा पिकवतात. मीही पिकवला आहे.

पुढच्या एकादशीला मावशींची माफी मागितली. म्हणालो, "मी तुमच्या मुलाला बोललो नव्हतो, त्या टाळकऱ्याला बोललो."

मावशी म्हणाल्या, "तेच तर बुवा. याला म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? डॉक्टरपण म्हणतात. पण दुसऱ्याला लाज वाटावी म्हणून तुम्ही माझ्या पोराचं नाव घेतलंत."

मुलगा टाळ मागत होता. मी माझे त्याच्या हातात दिले.