सुगंधी तेलांची फवारणी आणि अहिंसेचा प्रश्न

पिकावरील कीड मारणे ही हिंसा आहे काय, आणि असल्यास वनस्पतीच्या तेलाने मारल्यामुळे ती कमी होते काय, हा प्रश्न सेंद्रिय शेतीच्या चर्चेत क्वचितच सरळ विचारला जातो. लवंग, ओवा, गवती चहा, पुदिना, दालचिनी, संत्र्याची साल यांतून काढलेली बाष्पनशील तेले फवारणीसाठी वापरली जातात, तेव्हा ती निसर्गातून आली एवढ्यावरच ती निर्दोष ठरवली जातात. अहिंसेचा सर्वांत काटेकोर विचार ज्या परंपरांनी केला, त्यांनी मात्र असा निवाडा इतक्या सहज दिलेला नाही.

ही तेले वनस्पती माणसासाठी बनवत नाही. झाडाला पळता येत नाही. पाने कुरतडणाऱ्या जिवांना ते रसायनांनी थोपवते. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत, फळाच्या सालीत, कळ्यांत ही द्रव्ये साठलेली असतात. लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्राल, संत्र्याच्या सालीत लिमोनीन, तर ओव्यात थायमॉल असते; त्याचेच स्फटिक 'ओव्याचे फूल' म्हणून विकले जातात. युजेनॉलसारखी काही द्रव्ये कीटकांच्या मज्जासंस्थेतील ऑक्टोपामिन या संदेशवाहकाच्या कामात ढवळाढवळ करतात. सस्तन प्राण्यांच्या शरीरात ऑक्टोपामिनला फारसे काम नसते, म्हणून तीच मात्रा माणसाला सहसा बाधत नाही. थायमॉलचा रोख मज्जातंतूंतील दुसऱ्या एका ग्राहीवर असतो. आणखी काही तेले ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अडवतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कारखानी विषेही नेमके तेच करतात. मावा, फुलकिडे, लाल कोळी यांसारख्या मऊ अंगाच्या जिवांवर परिणाम लवकर दिसतो. जीव आधी थरथरतो, मग लुळा पडतो आणि मरतो. सुगंधाने आलेले हे मरण विषाने आलेल्या मरणाहून कीटकाच्या बाजूने वेगळे नसते.

शेती आणि हिंसा यांचा वाद भारतात फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे की, शेतीला लोक चांगली मानतात, पण लोखंडी फाळाचे लाकूड जमिनीला आणि जमिनीतल्या जिवांना इजा करते, म्हणून सज्जन तिची निंदा करतात. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच उलट बाजूने सुनावतो: मांस विकणाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांनी नांगराखाली किती जीव मरतात ते पाहावे, आणि धान्याचे दाणे हेही जीवच आहेत. बौद्ध विनयात भिक्षूला जमीन खणण्याची आणि वनस्पती तोडण्याची मनाई आहे. म्हणजे भिक्षू शेती करू शकत नाही. त्याचे अन्न दुसऱ्या कुणीतरी नांगर धरून पिकवावे लागते. संन्याशाची अहिंसा गृहस्थाच्या हिंसेवर उभी राहते, ही अडचण या परंपरांना चांगलीच ठाऊक होती.

या अडचणीचा सर्वांत तपशीलवार विचार जैन आचार्यांनी केला. जिनसेनांच्या आदिपुराणात ऋषभदेवांनी माणसाला शिकवलेल्या सहा उपजीविकांत कृषी आहे. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानले गेले. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात घडणारी आरंभी. उपजीविकेच्या उद्योगात घडणारी उद्योगी. आणि हल्ला परतवताना होणारी विरोधी. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पहिली पूर्ण सोडावी, उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी कराव्यात, असा दंडक आहे. राष्ट्रकूट काळात, इ. स. ९५९ मध्ये पूर्ण झालेल्या यशस्तिलक चंपूत सोमदेवसूरींनी एक प्रसिद्ध दाखला दिला आहे. कोळ्याच्या जाळ्यात दिवसभरात एकही मासा सापडला नाही तरी तो पापी ठरतो. शेतकऱ्याकडून जीव मरत असूनही तो तसा ठरत नाही, कारण दोघांच्या मनातला संकल्प वेगळा असतो. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात हाच दाखला पुन्हा घेतला. दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा मोठा दिगंबर जैन समाज आहे. ऊस, हळद, द्राक्षे पिकवणाऱ्या या समाजाला श्रावकधर्म आणि शेती एकत्र नांदवताना या भूमिकेचा आधार आहे.

सोमदेवांचा दाखला मात्र नांगराचा आहे, फवाऱ्याचा नाही, आणि या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे. नांगर धरणाऱ्याला गांडूळ मारायचे नसते. ते मेले तर त्याला त्यात काहीच मिळत नाही, उलट तोटाच होतो. फवारणी करणाऱ्याला अळी मारायचीच असते, आणि ती मेली नाही तर औषध वाया गेले असे तो म्हणतो. हेतूच्या कसोटीवर फवारणी करणारा शेतकरी नांगरणाऱ्यापेक्षा कोळ्याच्या अधिक जवळ जातो. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की कोळी माशाच्या घरी जातो, तर शेतकऱ्याच्या पिकावर अळी आलेली असते. म्हणून ही हिंसा विरोधी प्रकारात बसवावी. हा युक्तिवाद पोकळ नाही, पण त्यावर फार भार टाकता येत नाही. बोंडअळी वैर धरून आलेली नसते. मैलभर एकच पीक लावून माणसानेच तिच्यापुढे ताट मांडलेले असते.

तेल वनस्पतीचे आहे, या गोष्टीला या विचारात कितपत स्थान आहे? बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांची यादी आहे. त्यात विषवाणिज्य आहे, आणि त्याखाली विष, शस्त्र, नांगर यांच्याबरोबर हरताळही मोजला आहे. हरताळ हे खाणीत सापडणारे खनिज आहे. ते निसर्गाने दिले म्हणून विकायला हरकत नाही, असा विचार आचार्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही. त्याच यादीत यंत्रपीलनही आहे, म्हणजे तीळ, ऊस वगैरे यंत्रात पिळण्याचा धंदा. तेव्हा झाडाचे तेल म्हणजे आपोआप निष्पाप, हा समज परंपरेतून आलेला नाही.

विज्ञानही त्याला दुजोरा देत नाही. तंबाखूचे निकोटीन पूर्णपणे वानस्पतिक आहे आणि अत्यंत विषारी आहे. डेरिसच्या मुळांतले रोटेनोन अनेक वर्षे सेंद्रिय शेतीत मान्य होते. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात त्याने कंपवातासारखी लक्षणे निर्माण होतात असे दिसले, आणि युरोपीय संघाने पुढे त्याचा शेतीतील वापर थांबवला. मराठी घरात बाळाला उगाळून लावले जाणारे आणि कपड्यांत, धान्यात ठेवले जाणारे वेखंड हे याहून जवळचे उदाहरण. त्याच्या तेलातले बीटा-ॲसारोन किड्यांची प्रजननक्षमता घटवते. उंदरांत त्याने कर्करोग होतो असे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली.

तरीही उगम गौण ठरला म्हणून सर्व फवारण्या सारख्याच ठरत नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. माणसाचे मरण टाळणारे औषध आणि न टाळणारे औषध यांना एकाच तागडीत तोलणारी अहिंसा निष्ठुरच म्हणावी लागेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली लवंग, दालचिनी, पुदिना, रोझमेरी अशा काही तेलांना कीटकनाशक नोंदणीतून सूट दिली, ती माणसाला आणि पर्यावरणाला असलेला धोका अत्यल्प आहे या कारणाने. कायद्याच्या दृष्टीने हा हिशेब पुरेसा आहे. त्यात कीटकाच्या जिवाला जागा नाही, आणि ती शोधणे हे धर्मविचाराचे काम आहे.

या तेलांचा एक गुण मात्र अहिंसेच्या दृष्टीने खरोखर मोलाचा आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. पुष्कळदा ती कमी मात्रेत मारत नाहीत, परतवतात. मादी वासामुळे पानावर बसत नाही, बसली तरी अंडी घालत नाही. अळी तोंड लावते आणि सोडून देते. वाढवलेल्या मात्रेत तेच तेल प्राणघातक ठरते. एकाच बाटलीतून निवारण आणि वध दोन्ही होऊ शकतात, आणि कोणते करायचे हे शेतकऱ्याच्या हातात राहते. संकल्पी आणि विरोधी यांतली सीमारेषा इथे मात्रेत उतरते. विरोधी हिंसेला मुभा मिळते ती हल्ला थांबवण्यापुरती, म्हणून परतवून काम भागत असेल तर मारण्याला समर्थन उरत नाही.

अर्थात परतवणेही वाटते तितके निरुपद्रवी नसते. उडणारी मादी शेजारच्या शेतात जाईल आणि तिथे शेजारी जहाल औषध मारील. पानावर आधीच असलेली अळी कुठे जाऊ शकत नाही, ती उपाशी मरते. केनियात इसिपे या कीटकविज्ञान संस्थेने ब्रिटनच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राबरोबर विकसित केलेली 'पुश-पुल' पद्धत या बाबतीत बोलकी आहे. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावतात. त्याच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर जातात. कडेला नेपियर गवत लावतात. त्याच्या वासाकडे ओढले जाऊन ते तिथे अंडी घालतात. शेतात कुणी काही फवारत नाही. पण नेपियरमधून स्रवणाऱ्या चिकट रसात बहुतेक अळ्या अडकून मरतात. मृत्यू टळत नाही. तो गवताच्या आणि अळीच्या नेहमीच्या झगड्यात घडतो. गवत मुद्दाम तिथे लावणाऱ्याचा वाटा त्यात किती, यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद होऊ शकतात. तो शून्य म्हणता येणार नाही, पण फवाऱ्याच्या वाट्याइतका तो नक्कीच नाही.

सुगंधी तेले उडून जातात. काही तासांत, फार तर काही दिवसांत त्यांचा अंश पानावर उरत नाही. बाजाराच्या दृष्टीने हे वैगुण्य आहे, कारण पुन्हा पुन्हा फवारावे लागते. मात्रा चुकली तर पानेही करपतात. शिवाय तेल निवड करत नाही: माव्याबरोबर मावा खाणारा ढालकिडा आणि अळीच्या अंड्यांवर वाढणारी ट्रायकोग्रामाची सूक्ष्म गांधीलमाशीही सापडते. पण जैन विचारात हिंसेचे मूळ कारण प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मानले आहे; तत्त्वार्थसूत्राची हिंसेची व्याख्याच प्रमादाने होणाऱ्या प्राणहरणाची आहे. त्या कसोटीवर दर आठ दिवसांनी, कीड असो वा नसो, वेळापत्रकाने मारलेली फवारणी सर्वांत दोषास्पद ठरते, मग पंपात काहीही असो. रोज शेतात फिरणे, पाने उलटून पाहणे, कामगंध सापळ्यातले पतंग मोजणे, नुकसानीची पातळी ओलांडली तरच आणि तेवढ्याच ओळींवर फवारणे, मधमाश्या घरी गेल्यावर संध्याकाळी फवारणे, हा अप्रमाद आहे. लवकर उडून जाणारे तेल वापरणाऱ्याला अशी नजर ठेवावीच लागते. टिकाऊ विष नजरेची गरजच संपवते, आणि त्याचा मोठा दोष हाच आहे.

बौद्ध आणि जैन यांचा मतभेद इथे उपयोगी पडतो. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात मनाचे कर्म अधिक भारी की शरीराचे, यावर वाद आहे. बुद्ध मनाच्या बाजूने आहेत, तर निर्ग्रंथ, म्हणजे जैन, पक्ष कायाकर्माला जड मानतो. मनाला प्रमाण मानणाऱ्याला मात्रा आणि हेतू पुरेसे वाटतील. देहाच्या कृतीकडे पाहणारा मेलेले जीव मोजेल, आणि मोजताना तेल ज्या झाडातून आले त्यालाही विसरणार नाही. हिरव्या गवती चहातून वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का तेल निघते. एक किलो तेलासाठी दोनशे किलो किंवा त्याहून जास्त गवत कापावे लागते, पाणी उकळावे लागते, भट्टी पेटवावी लागते. खानदेशात नंदुरबारच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचे तेल असेच ऊर्ध्वपातनाने काढले जाई. वनस्पती, पाणी आणि अग्नी हे तिन्ही जैन मते एकेंद्रिय जीव आहेत. दुसऱ्या पारड्यात कृमी दोन इंद्रियांची, मुंगी तीन, भुंगा चार इंद्रियांचा. जास्त इंद्रियांच्या जिवाची हिंसा अधिक जड, या नियमाने तराजू तेलाच्या बाजूने झुकतो, पण तो फक्त मारणे टाळले गेले तरच. तेलाने अळ्या मारल्याच, तर दोन्ही पारडी भरतात.

१९४६ साली 'हरिजन'मध्ये पिके फस्त करणाऱ्या माकडांविषयी लिहिताना गांधींनी शेतकऱ्याची बाजू मांडली: शेती करायची तर काही हिंसा पत्करावी लागते, ती कमीत कमी कशी होईल हे पाहावे. अपरिहार्य हिंसेचे पुढे काय करायचे, याचे उत्तर परंपरांनी आचारात दिले आहे. प्रतिक्रमण या जैन प्रायश्चित्तविधीत श्रावक एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या सर्व जिवांना दिलेल्या दुःखाबद्दल क्षमा मागतो. मनुस्मृती चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाचांना गृहस्थाच्या घरातली वधस्थाने म्हणते आणि त्यांच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच यज्ञ सांगते. त्यांतल्या भूतयज्ञात जमिनीवर ठेवलेल्या अन्नात कावळ्या-कुत्र्यांबरोबर कृमींचाही वाटा आहे. कपाशीभोवती एरंडी किंवा टोमॅटोभोवती झेंडू लावण्याची पद्धत या वाट्याच्या जवळ जाते, पण कडेच्या ओळीवर जमलेल्या अळ्या वेचून मारल्या तर ती सापळाच राहते. ती ओळ अळ्यांना खाऊ दिली आणि मुख्य पिकावर फक्त परतवण्याइतके तेल फवारले, तर ती वाटा होते. त्यासाठी शेतकऱ्याला थोडे उत्पन्न सोडावे लागते, आणि कडेला वाढलेली कीड आत शिरू नये म्हणून मित्रकीटकांना तिथे जगू द्यावे लागते.