स्मृती गेली म्हणून धम्म जात नाही



दीक्षा घेतलेल्या घरांत एका प्रश्नाविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात. म्हातारी माय त्रिसरण-पंचशील विसरते, पोटच्या लेकाला ओळखत नाही, आणि मध्येच लहानपणच्या मरीआईला हाका मारते, अंगारा मागते. शेजारी म्हणतात, "जुने देव सोडले, त्याचे हे फळ." घरचे शरमतात. पाहुणे आले की मायला आतल्या खोलीत बसवतात.

हा देवाचा कोप नव्हे आणि तिने धम्म सोडला असेही नव्हे. हा मेंदूचा रोग आहे, त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. यात बहुधा अलीकडचे आधी पुसते आणि बालपणचे मागे उरते. म्हणून दीक्षा विसरते, मरीआई आठवते. यात तिचा अपराध काय?

तथागतांच्या संघातही असा प्रसंग आला होता. गग्ग नावाचे भिक्खू भ्रमिष्ट झाले. उपोसथाची त्यांना कधी आठवण राही, कधी राहत नसे. तथागतांनी त्यांना हाकलले नाही. गग्गाची ही अवस्था संघाने रीतसर मान्य करावी, त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाने आपले कार्य करावे, असे त्यांनी सांगितले. महावग्गात ही हकीकत आहे. संघाने गग्गाला दिला तो न्याय आपण आपल्या मायला देणार नाही काय?

त्याच महावग्गात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजवले. ही सेवा दोन पुरुषांनी केली, हे नीट लक्षात घ्या. आपल्याकडे मात्र सोयाबीनची सोंगणी असो की दीक्षाभूमीची यात्रा, घरी राहते ती सून. पाळी बांधा. यंदा १४ ऑक्टोबरला नागपूरला सुनेने जावे, लेकाने मायजवळ थांबावे. तीही धम्माचीच सेवा आहे.

आता शुश्रूषेविषयी. प्रथम डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडच्या विकाराने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर लघवीतील जंतुसंसर्ग किंवा ताप कारण असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उठणे, आंघोळ, जेवण रोज ठरल्या वेळी असावे. ती चुकीचे बोलली तर वाद घालू नका. हात हाती घ्या, तिच्या माहेरच्या गोष्टी काढा. रात्री मंद दिवा ठेवा, चुलीजवळ एकटी सोडू नका. ती अंथरुणाला खिळली असेल तर दर दोन तासांनी कूस बदला.

दुसरा रोग उदासीनतेचा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशीम होता. बोलणे-जेवण तुटलेल्या, जगण्यात अर्थ नाही म्हणणाऱ्या माणसाला आळशी म्हणू नका. "जीव द्यावासा वाटतो काय?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

पण भगताकडे जाऊ नका. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मायने मरीआईचे नाव घेतल्याने घराचा धम्म बुडत नाही. तिला भगतापुढे बसवल्याने मात्र बुडतो.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्याची सुरुवात आतल्या खोलीपासून करा. मायला ओसरीवर आणा. वंदनेच्या वेळी तिला जवळ बसवा. ती म्हणो वा न म्हणो, तिच्या वाटचे आपण म्हणू.

नमो बुद्धाय! जयभीम!