ज्ञानकोशांतील येणें बाकी

परवां एका स्नेह्यांच्या घरीं बोलतां बोलतां एक प्रश्न निघाला. जी निवडणूक अजून झालेली नाहीं आणि जिची तारीखहि कोणास ठाऊक नाहीं, तिला ज्ञानकोशांत स्थान असावें काय? स्नेही तत्काळ म्हणाले, "मुळींच नसावें! ज्ञानकोश म्हणजे पंचांगांतलें वर्षफल नव्हे. जें घडलें तें त्यानें सांगावें. जें घडावयाचें तें जोशीबुवांवर सोंपवावें." आम्हीं सर्वांनीं हंसून माना डोलाविल्या. परंतु घरीं परतल्यावर हें उत्तर मला पुरेसें वाटेना. हा प्रश्न केवळ कोशकारांचा नसून नागरिकांचाहि आहे, असें विचारान्तीं दिसून आलें.

प्रथम स्नेह्यांच्या म्हणण्यांतील बळ मान्य केलें पाहिजे. दिदेरोच्या फ्रेंच कोशाचा पहिला खंड १७५१ सालीं निघाला. आपल्याकडे केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० नंतर खंडशः प्रसिद्ध झाला. असल्या ग्रंथांत एकदां छापलेलें वाक्य परत घेतां येत नसे. म्हणून संपादक लेखणी जपून चालवीत. आजचे कोश घटकेघटकेस दुरुस्त होतात आणि त्यामुळें हात सैल सुटतो. परंतु चूक सुधारतां येते, एवढ्यानें ती करण्याचा परवाना मिळत नाहीं. कोण उभे राहील, कोण जिंकेल, हे तर्क कोशांत शिरले, तर वाचकास ज्ञान कोणतें आणि बाजारगप्पा कोणत्या हें कळेनासें होईल.

तथापि 'जें घडलें नाहीं तें ज्ञान नव्हे' हा नियम जसाच्या तसा टिकत नाहीं. हॅलेनें आपल्या नांवाच्या धूमकेतूचें पुनरागमन आधींच वर्तविलें. तो १७४२ सालीं वारला आणि धूमकेतू १७५८ च्या अखेरीस खरोखरच दिसला. हाच धूमकेतू २०६१ सालीं पुन्हां येणार, असें आज कोणताहि कोश निःशंकपणें लिहितो, आणि त्यांत कोणास दोष दिसत नाहीं. अर्थात् भविष्य म्हणून एखादी गोष्ट कोशास वर्ज्य ठरत नाहीं. ती कोणत्या आधारावर सांगितली आहे, हें पाहावयाचें असतें.

धूमकेतूस इच्छा नसते. निवडणूक मात्र माणसांच्या इच्छेवर अवलंबून असते. आपली अठरावी लोकसभा २४ जून २०२४ रोजीं प्रथम भरली. घटनेप्रमाणें तिची मुदत पहिल्या बैठकीपासून पांच वर्षांची. म्हणजे ती जून २०२९ पलीकडे सहसा जाणार नाहीं. परंतु ती त्यापूर्वीं विसर्जित होऊं शकते, आणि आणीबाणींत लांबूंहि शकते. १९७६ सालीं ती लांबविलीच होती, व निवडणूक मार्च १९७७ मध्यें झाली. इंग्लंडांत १९३५ सालीं निवडलेलें पार्लमेंट महायुद्धामुळें १९४५ पर्यंत चाललें. तेव्हां येथें आपणांस निश्चित ठाऊक आहे तो नियम आणि त्याचे अपवाद. ते लोकसभेवरील लेखांत दोन वाक्यांत सांगतां येतात. त्यासाठीं निराळें प्रकरण उघडलें, तर तें तर्कांनींच भरावें लागेल. इथपर्यंत मी स्नेह्यांच्या पक्षाचा आहें.

परंतु निवडणुकांचा दुसरा एक वर्ग आहे. ५ जुलै १९७७ रोजीं झिया-उल्-हक यांनीं पाकिस्तानांत सत्ता हातीं घेतली आणि नव्वद दिवसांत निवडणूक घेण्याचें वचन दिलें. ती १९८५ सालीं झाली, व तीहि पक्षांवांचून. दक्षिण सुदान २०११ सालीं स्वतंत्र झाला. तेथील निवडणूक अनेकदां लांबणीवर पडली. डिसेंबर २०२४ हा महिना ठरला होता, तोहि सप्टेंबर २०२४ मध्यें दोन वर्षांनीं पुढें ढकलण्यांत आला. एरिट्रिया १९९३ सालीं स्वतंत्र झाला, १९९७ सालीं त्याची घटना संमत झाली. राष्ट्रीय निवडणूक मात्र अद्याप झालेली नाहीं. पश्चिम सहारांत सार्वमत घेण्यासाठीं संयुक्त राष्ट्रांनीं १९९१ सालीं खास मंडळ धाडलें. तें सार्वमतहि अजून व्हावयाचेंच आहे. फार दूर जावयास नको. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्या महानगराचा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला.

यांपैकीं कोणत्याहि निवडणुकीबद्दल, ती प्रलंबित असतां, 'तारीख ठाऊक नाहीं, सबब लिहिण्यासारखें कांहीं नाहीं' असें म्हणणें खरें झालें असतें काय? वाण्याच्या खतावणींत ज्याचा पैसा परत येण्याचा दिवस ठाऊक नाहीं, त्याच्या नांवावरील रक्कम कोणी खोडून टाकीत नाहीं. उलट, दिवस जितका अनिश्चित, तितकी ती नोंद अधिक जपावी लागते. वचन कोणीं दिलें, केव्हां दिलें, कोणत्या कायद्यान्वयें दिलें, कितीदां आणि कोणती सबब सांगून मोडलें, या गोष्टी भविष्यांतील नव्हेत. त्या घडून गेल्या आहेत आणि पुराव्यानें सिद्ध आहेत. निवडणूक झालेली नाहीं, हीच त्या देशाची आजची वस्तुस्थिति आहे. ती वगळणारा कोश तटस्थ राहत नाहीं. तो ऋणकोच्या सोयीचा हिशेब लिहितो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. 'आगामी निवडणूक' असा मथळा छापला कीं पोकळ वचनासहि प्रतिष्ठा मिळते. परका वाचक पाहतो आणि म्हणतो, तेथें निवडणूक होणार आहे, मग चिंता कसली? ज्यानें लोकांचा हक्क अडवून ठेवला, त्याच्याच पदरांत कोशकार असें प्रशस्तिपत्र टाकतो. हा धोका खरा आहे. परंतु त्यावर उपाय मौन हा नव्हे. नेमकी भाषा हा आहे. 'होणार आहे' असें न लिहितां 'अमुक दिवशीं घेण्याचें जाहीर झालें, अमुक दिवशीं रहित झालें' असें लिहावें. चुकलेल्या तारखा एकाखालीं एक मांडल्या, कीं कोशकारानें शेरा मारण्याची गरज उरत नाहीं.

म्हणून मला वाटतें, कोशकारानें तारखेऐवजीं ऋणाविषयीं विचारावें. येथें कोणीं कोणास शब्द दिला आहे काय? नसेल, तर केवळ कल्पनेस जागा देऊं नये. असेल, तर तारीख नाहीं या कारणास्तव पान कोरें सोडूं नये. कारण तारीख नसणें हाच बहुधा त्या प्रकरणाचा गाभा असतो.

हें सर्व मीं नंतर स्नेह्यांस सांगितलें. त्यांनीं थोडा विचार केला आणि विचारलें, "आणि ऋण फिटलें म्हणजे?" मी म्हटलें, "मग रक्कम जमेस धरावी; पण ती किती वर्षें थकली होती, तें पान मात्र फाडूं नये."